सुपरहिरोचा वाढदिवस आणि अंगणातले खेळ

व्हॉट्सॲपवर निमंत्रण येते. जाळे फेकणारा स्पायडरमॅन, त्याच्याखाली वर्गातल्या एखाद्या मुलाचे नाव आणि हॉलचा पत्ता. घरातले सहा-सात वर्षांचे मूल ते पाहते आणि त्याच रात्री जाहीर करते, ‘‘माझाही वाढदिवस असाच हवा.’’ पालक चौकशी करू लागतात. हॉलचे भाडे, फुग्यांची कमान, सुपरहिरोच्या वेषात येणारा माणूस, खेळ घेणारा निवेदक, चित्राचा केक आणि प्रत्येक मुलाला भेटवस्तू. बेरीज होता होता पगाराचा मोठा वाटा त्यातच जाणार, हे ध्यानात येते. काही जण उसनवारी करून हौस भागवतात. काही जण मात्र मुलाला इतरांच्या वाढदिवसांना पाठवणेच हळूहळू टाळू लागतात. कारण उलट निमंत्रण देण्याची ऐपत नसते. वाढदिवसाच्या चढाओढीचा खरा तोटा पैशाचा नाही, तो मुलांच्या मैत्रीचा आहे.

म्हणून प्रथम एक गोष्ट समजून घ्यावी. सुपरहिरोचे आकर्षण त्याच्या थाटामाटात नसते. 1962 साली अवतरलेला स्पायडरमॅन हा काका-काकूंनी बेताच्या परिस्थितीत वाढवलेला शाळकरी मुलगा. आपला पोशाखही तो स्वतःच तयार करतो. 1938 सालचा सुपरमॅन शेतकरी दांपत्याच्या घरी वाढतो. 1997 साली दूरदर्शनवर आलेल्या ‘शक्तिमान’ने तर आजच्या अनेक पालकांचे बालपण भारून टाकले होते. तेव्हा खांद्याला टॉवेल बांधून अंगणात गिरक्या घेण्यास कोणाला एक पैसाही लागला नव्हता. मुलाला हवे असते ते एवढेच : थोडा वेळ आपल्या अंगी शक्ती आहे असे वाटावे आणि त्या शक्तीने कोणाला तरी वाचवता यावे. हे दोन्ही देणारे खेळ आपल्याकडे पूर्वापार आहेत. त्यांना केवळ नवे कथानक द्यायचे आहे.

प्रारंभ मुखवट्यांनी

मुले एकाच वेळी येत नाहीत. पहिली वीस मिनिटे वाट पाहण्यात जातात आणि तेवढ्यात आधी आलेली मुले कंटाळतात. या वेळेत प्रत्येकाने स्वतःचा मुखवटा करावा. कार्डपेपरवर डोळ्यांपुरत्या मुखवट्याचे आकार आदल्या दिवशी कापून ठेवावेत. मुले ते रंगवतील, स्वतःचे सुपरहिरोचे नाव ठरवतील आणि आपली शक्ती कोणती ते सांगतील. घरी जाताना हाच मुखवटा भेटवस्तू ठरतो.

पाच खेळ

कोळ्याचे जाळे : लोकरीचा एक गुंडा घेऊन खिडकीचे गज, खुर्च्या आणि खांब यांच्यामध्ये आडवे-तिडवे धागे बांधावेत. चतुर्थीला माटोळी सजवणाऱ्या घरांना हे कसब शिकवावे लागणार नाही. धाग्यांना चार-पाच घुंगरू अडकवावेत. आवाज न करता पलीकडे जाणारा तो खरा स्पायडरमॅन. आवाज झाला तर मूल पुन्हा प्रयत्न करील, बाद होणार नाही.

लोखंडी बूट : नारळाच्या अर्ध्या करवंटीला भोक पाडून त्यातून दोरी ओवली आणि आतल्या बाजूने गाठ मारली, की एक बूट तयार होतो. दोन करवंट्या पालथ्या ठेवून, त्यांवर उभे राहून, दोऱ्या हाताने ताणून चालायचे. टपटप आवाज करीत तोल सांभाळणाऱ्या मुलास आपण आयर्नमॅन झाल्यासारखे वाटते. हा खेळ मातीच्या सपाट जमिनीवरच घ्यावा. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो.

शहर वाचवा : ही आपली लगोरीच. दगडांऐवजी चहा, बिस्किटे आणि टूथपेस्ट यांचे सात रिकामे खोके एकावर एक रचावेत. चेंडू मोज्यांचा करावा. एका गटाने शहर पाडायचे आणि दुसऱ्या गटाचा चेंडू चुकवीत ते पुन्हा उभारायचे. चेंडू लागलेल्या मुलाने पाच उड्या मारून खेळात परतावे.

विषामृत : सुपरहिरोंच्या कथेला याहून जवळचा खेळ नाही. ज्याच्यावर राज्य आहे त्याने शिवले, की ‘विष’ आणि मूल जागीच खिळते. सवंगड्याने येऊन शिवले, की ‘अमृत’ आणि ते पुन्हा धावू लागते. येथे पळणाऱ्यापेक्षा सोडवणाऱ्याचे मोल अधिक. मात्र राज्य एखाद्या मोठ्या माणसाने घ्यावे. खलनायकाची भूमिका मुलांवर सोपवली, तर ती बहुधा सर्वांत अबोल मुलाच्या वाट्याला येते. काका किंवा आजोबा खलनायक झाले, तर सारी मुले आपोआप एका बाजूला येतात.

वटवाघळाचे कान : किडे खाणारी वटवाघळे अंधारात सूक्ष्म ध्वनी सोडतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरतात. हे मुलांना सांगून आंधळी कोशिंबीर खेळावी. डोळे बांधलेल्या ‘बॅटमॅन’ने टाळी वाजवली, की इतरांनी जागेवरूनच टाळीने उत्तर द्यायचे. तो आवाजाच्या रोखाने जाऊन मित्राला शोधतो. धावपळीनंतर मुलांना शांत करण्यास हा खेळ उत्तम.

बाद करणे टाळावे

संगीत खुर्ची बहुतेक वाढदिवसांना असते; पण तीत जे मूल सर्वांत लहान वा बुजरे, तेच प्रथम बाहेर जाते आणि सर्वांत अधिक वेळ नुसते बसून राहते. त्यावर सोपा तोडगा आहे. प्रत्येक फेरीत खुर्ची काढावी, मूल काढू नये. उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांनी एकमेकांना सामावून घ्यायचे. शेवटच्या दोन खुर्च्यांवर दहा मुले दाटीवाटीने बसली, की हसण्याचा जो गलका होतो, तो एका विजेत्याच्या बक्षिसाने होत नाही.

काही दक्षता

सुपरहिरोचा झगा जुन्या ओढणीचा करता येतो, परंतु त्याची गाठ गळ्याशी मारू नये. धावताना तो कोठे अडकला तर फास बसू शकतो. ओढे बसताच सुटेल अशा वेल्क्रोने तो खांद्यांवर अडकवावा आणि जाळ्याच्या खेळापूर्वी काढून ठेवावा. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच उचलावेत, कारण लहान मुलांच्या घशात ते अडकण्याचा धोका असतो. जाळ्याचे धागे गळ्याच्या उंचीवर बांधू नयेत आणि तेथे एका मोठ्या माणसाने उभे राहावे.

दहा-बारा मुले आणि दोन तास पुरेसे होतात. धावण्याचे खेळ आधी, बसून खेळायचे नंतर आणि खाणे शेवटी. वाढदिवस जून ते सप्टेंबर या काळात असेल, तर अंगणावर विसंबू नये. बाल्कांव, गच्चीवरील शेड किंवा इमारतीखालची वाहने काढलेली जागा आधी पाहून ठेवावी. फ्लॅटमध्ये खेळ घेणार असल्यास खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना पूर्वसूचना द्यावी आणि त्यांच्या मुलांनाही बोलवावे.

कार्डपेपर, इलॅस्टिक, लोकर, घुंगरू, वेल्क्रो आणि रंगखडू हे सारे साहित्य साधारण तीनशे ते चारशे रुपयांत येते. करवंट्या आणि खोके घरचेच. भाजी-पाव, सरबत आणि घरी केलेला केक एवढ्यात मुले तृप्त होतात.

असा वाढदिवस पाहून घरी परतणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना एक दिलासा मिळतो : हे आपल्यालाही जमेल. पुढचे निमंत्रण त्यांच्याकडून येईल आणि त्या दिवशी एकही मूल कारण सांगून घरी राहणार नाही.