तुपाचे थेंब आणि परळची लस

बकऱ्याच्या मांसाचा अर्क, त्यावर साजूक तुपाचे काही थेंब आणि पाच-सहा आठवडे धीर. माणसांवर मोठ्या प्रमाणावर वापरली गेलेली पहिली प्लेगची लस मुंबईत याच सामग्रीतून तयार झाली. वाल्डेमार हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. धाडस होतंच ते. पण त्यांची खरी करामत मला दिसते ती काचेच्या चंबूत.

सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. (मेट्रो सिनेमासमोरून रोज हजारो माणसं जातात, तिथला पुतळा याच व्हिएगसांचा, हे किती जणांना माहीत असेल?) ऑक्टोबरात हाफकिन कोलकात्याहून आले. ओडेसात जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांचा शिष्य. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कॉलऱ्याची लस त्याने आधीच तयार केली होती. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई.

मेलेले जंतू टोचून शरीराला रोगाशी लढायला तयार करायचं, ही कल्पना नवी नव्हती. अडचण होती ती शुद्ध जंतू भरपूर वाढवण्याची. हिंदूंना गोमांस चालणार नाही, मुसलमानांना डुकराचं, म्हणून हाफकिननी बकऱ्याचं मांस घेतलं आणि आम्लात पचवून त्याचा अर्क काढला. त्यावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले. चंबू अजिबात हलवायचा नाही. मग थेंबांच्या खालच्या बाजूला जंतूंचे पुंजके धरत आणि गुहेच्या छताला लोंबणाऱ्या लवणस्तंभांसारखे खाली वाढत. अशी वाढ ही प्लेगच्या जंतूची खूणच, त्यामुळे चंबूतला माल शुद्ध आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येई. काही दिवसांनी चंबू हलवायचा, पुंजके तळाशी बसत आणि वर नवे धरत. शेवटी सगळं 65 ते 70 अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे आणि वरून कार्बोलिक ॲसिड घालायचं.

10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी स्वतःला 10 घनसेंटिमीटर लस टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, निभावलं. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली आणि जवळपास निम्मे कैदी लसीला तयार झाले. पहिला दिवस सोडला तर न टोचलेल्यांपैकी 12 जणांना लागण झाली, त्यातले 6 गेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाली, गेला एकही नाही. कैद्यांची संमती ती कितपत संमती, हा प्रश्न आज कुणीही विचारील, आणि विचारायलाच हवा. तरीही त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरात घुसणारे सोल्जर आणि ‘ज्याला हवी त्याने घ्यावी’ म्हणणारे हाफकिन यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे. आगाखानांनी स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉजही दिला.

1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी 1882 मध्ये या वाड्यात कॉलऱ्याने वारल्या होत्या. पुढे गव्हर्नरांनी मुक्काम मलबार पॉइंटला हलवला आणि वाडा साथीशी लढणाऱ्यांच्या हाती आला.

घात झाला तोही लस बनवण्याच्या रीतीवरूनच. पंजाबातून मोठी मागणी आली. लवकर माल निघावा म्हणून तुपाची रीत सोडून आगर या जेलीसारख्या माध्यमावर जंतू वाढवले गेले, कार्बोलिक गाळून फक्त उष्णतेवर भिस्त ठेवली. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी 107 जणांना लस टोचली. 53 एन क्रमांकाच्या बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने दगावले, बाकीचे 88 ठणठणीत राहिले. चौकशी समितीने बोट परळकडे दाखवलं. कार्बोलिक वगळलं, एवढं तिला पुरेसं वाटलं.

वास्तविक, बूच उघडताना वापरलेला चिमटा मुलकोवालमध्ये जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले असते, तर दुर्गंधी आली असती. उघडताना तशी काही आली नव्हती. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे सरकार नरमलं. माझ्या मते समितीने रीत बदलली यालाच पुरावा मानलं आणि चिमट्याकडे काणाडोळा केला.

या प्रकरणात पद गमावून भारताबाहेर गेलेले हाफकिन परत आले, पण नेमणूक मिळाली कोलकात्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. 1925 मध्ये तिला ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ हे नाव दिलं गेलं, तेव्हा ते युरोपात होते. 1930 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे त्यांचं निधन झालं.