आकाशात विमानांची टक्कर का होत नाही?

आमचे गाव कळमनुरी तालुक्यात आहे. आमच्या गावावरून रोज विमाने जातात. ती फार उंचावर असतात. आवाज थोडाच येतो, पण कधी कधी मागे पांढरी रेघ राहते.

यंदा हळद काढायच्या दिवसांत माझे काका कामासाठी दुबईला गेले. त्यांचे विमान हैदराबादहून होते. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही शेतात होतो. आकाशात दोन रेघा आल्या आणि फुलीसारख्या एकमेकींवरून गेल्या. आजीने डोळेच झाकले. म्हणाली, "अगं बाई, धडकले असते की! वर ना रस्ता, ना पाटी. माझ्या लेकराचं कसं होईल?" रात्री ती जेवली नाही. मलाही झोप येईना. म्हणून दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले ते सर्वांसाठी लिहीत आहे.

गुरुजी म्हणाले, "दोन पेन्सिली घे. एक वर धर, एक खाली धर. आता एक डोळा झाकून खालून बघ." मी बघितले, तर पेन्सिली चिकटल्यासारख्या दिसल्या. पण मध्ये वीतभर अंतर होते! त्या रेघांचेही तसेच असते.

आकाशात विमानांच्या वाटा ठरलेल्या असतात. त्या नकाशावर आखलेल्या असतात. शिवाय प्रत्येक विमानाला उंची नेमून देतात. आपण सम व विषम संख्या शिकलो, त्याच येथे कामाला येतात. साधारणपणे पूर्वेकडे जाणारी विमाने विषम हजारांवर उडतात, म्हणजे ३३, ३५, ३७ हजार फुटांवर. पश्चिमेकडे जाणारी सम हजारांवर उडतात, म्हणजे ३४, ३६, ३८ हजार फुटांवर. त्यामुळे समोरासमोर आली तरी मध्ये १००० फूट राहतात. १००० फूट म्हणजे सुमारे ३०० मीटर. झेंड्याचा खांब १० मीटरचा धरला, तर असे ३० खांब एकावर एक! पूर्वी २९ हजार फुटांच्या वर २००० फूट अंतर ठेवीत. पुढे उंची मोजणारी यंत्रे चांगली झाली. म्हणून भारतात २००३ पासून तेथेही १००० फूट ठेवतात.

मी विचारले, "गुरुजी, पायलटला समोरचं विमान दिसतं ना? मग वळवायचं." तेव्हा गुरुजींनी गणित घातले. मोठे विमान तासाला सुमारे ९०० किलोमीटर जाते. म्हणजे मिनिटाला १५. दोन विमाने समोरासमोर आली, तर एका मिनिटात ३० किलोमीटर अंतर संपते! बैलगाडीचा कासरा ओढावा तसे विमान थांबवता येत नाही. म्हणून सगळे आधीच ठरवावे लागते.

हे काम जमिनीवर बसलेले हवाई वाहतूक नियंत्रक करतात. भारताच्या आकाशाचे मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई असे चार मुख्य विभाग आहेत. आपले आकाश मुंबई विभागात येते. नियंत्रकासमोर पडदा असतो. रडारमुळे त्यावर विमाने ठिपक्यांसारखी दिसतात. ठिपक्याजवळ विमानाची खूण, उंची व वेग दिसतो. नियंत्रक रेडिओवरून उंची सांगतो. पायलटने ती परत म्हणून दाखवायची असते. चुकली तर नियंत्रक लगेच सुधारतो. पाढे म्हणताना गुरुजी आपल्याला सुधारतात तसेच.

पण एकदा फार वाईट झाले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी सौदी अरेबियाचे एक विमान दिल्लीहून निघाले होते. त्याला १४ हजार फूट उंची दिली होती. कझाकस्तानचे विमान दिल्लीला येत होते. त्याला १५ हजार फूट दिली होती. पण ते त्याच्याही खाली उतरले. हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन्ही विमानांची टक्कर झाली. ३४९ माणसे गेली. हे ऐकून वर्गात सगळे गप्प झाले. त्यानंतर दिल्लीत येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या केल्या. भारतात मोठ्या प्रवासी विमानांत टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले.

हे यंत्र दुसऱ्या विमानातील यंत्राशी आपणहून बोलते. विमाने फार जवळ आली, तर एकाला 'वर चढा' सांगते आणि दुसऱ्याला 'खाली उतरा' सांगते. १ जुलै २००२ रोजी जर्मनीवर एका विमानाने यंत्राचे ऐकले आणि दुसऱ्याने नियंत्रकाचे. दोन्ही खालीच उतरली आणि टक्कर झाली. ७१ जण गेले. त्यांत पुष्कळ शाळकरी मुले होती. म्हणून आता नियम पक्का आहे. अशा वेळी यंत्राचेच ऐकायचे.

घरी जाऊन मी आजीला पेन्सिली दाखवल्या. तिने एक डोळा झाकून दोनदा बघितले. म्हणाली, "म्हंजे ज्यानं त्यानं दिलेल्या उंचीवर ऱ्हायचं." मी म्हणाले, "हो, आणि सांगितलेलं परत म्हणून दाखवायचं." त्या रात्री आजी पोटभर जेवली. जेवण झाल्यावर काकांचा फोन आला. ते सुखरूप पोचले होते. आजीने पहिल्यांदा विचारले, "बाबू, तुझं इमान समवर होतं का विषमवर?" काकांना काही कळेना!

दुबई आपल्या पश्चिमेला आहे. मग सांगा बरे, काकांचे विमान कोणत्या हजारांवर असेल?

— इयत्ता चौथी, जि. प. प्राथमिक शाळा, ता. कळमनुरी