जुन्या डब्यांचं दशक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले आणि आमच्या कॉलनीतले धडधाकट लॅपटॉप एका रात्रीत निवृत्त झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षा मॉड्यूल लागतं, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१६ मध्ये हौसेनं घेतलेल्या मशीनकडे बघून दुकानदार सांगतो, ‘काका, आता हे भंगार. नवीन घ्या, एक्स्चेंजचं बघू.’ मग काका माझ्याकडे येतात. ‘लिनक्स टाकलं तर चालतं म्हणे. कुठलं टाकू?’

हा प्रश्न एके काळी ऐकायलाही गोड वाटायचा.

नव्वदच्या दशकाबद्दल मला फारसं बोलायचं नाही. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या, पण त्या बसवणाऱ्यांना सोपं काही नकोच होतं. घरातल्या साध्या माणसाचा विचार करणारी उबुंटूची पहिली आवृत्ती आली ऑक्टोबर २००४ मध्ये. तिथपासून २०१४ पर्यंतचा काळ आमचा.

तेव्हा घरोघरी सेलेरॉन किंवा पेंटियम ४, २५६ एमबी रॅम आणि गल्लीतल्या पोरानं टाकून दिलेली चोरीची विंडोज एक्सपी. डायलअपवर अख्खी सीडी उतरवायची म्हणजे फोनचं बिल आल्यावर घरात महाभारत. उबुंटूवाले मात्र मागितली की सीडी चक्क पोस्टानं, फुकट पाठवायचे. (२०११ मध्ये ती सोय बंद झाली. इतके दिवस चालली हेच नवल.) सीडी घालायची, मशीन सुरू करायचं, हार्डडिस्कला हात न लावता सगळं बघायचं, नाही पटलं तर सीडी काढून घ्यायची. घाबरणाऱ्या माणसासाठी याहून चांगली सोय मी आजवर पाहिलेली नाही.

अडायचं ते क्षुल्लक जागी. आतल्या स्वस्त मोडेमचं निम्मं काम विंडोजचा ड्रायव्हर करायचा, त्यामुळे लिनक्समध्ये तो बऱ्याचदा मुका. इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट. पेटंटच्या कटकटीमुळे उबुंटूत एमपी३ आपोआप वाजत नसे. लताबाईंचं गाणं लागलं नाही की घरच्यांच्या लेखी कॉम्प्युटर बिघडला, विषय संपला. २००६ मध्ये आलेल्या लिनक्स मिंटनं पुढं हे कोडेक सोबतच द्यायला सुरुवात केली. माझ्या मते मिंटचं निम्मं यश तेवढ्यात आहे.

आणि पपी लिनक्स! ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं हे पिल्लू तेव्हा शंभर एमबीच्या आसपास असायचं. सगळंच्या सगळं रॅममध्ये जाऊन बसायचं आणि डेस्कटॉप आला की स्पीकरमधून भुंकायचं. मेल्यात जमा झालेला सेलेरॉन त्यावर पळायचा. पण पहिल्यांदा बंद करताना ते विचारायचं, केलेलं काम साठवायचं का, कुठे, किती मोठ्या फाइलमध्ये? नवख्यानं गोंधळून ‘नको’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. हलकं असणं ही मशीनची सोय आणि सोपं असणं ही माणसाची, हे आमच्यातल्या गुरुजींना कधी पटलंच नाही. पेन्शनीत निघालेल्या माणसाला ते आर्च नाहीतर जेंटूसारखं अवघड लिनक्स सुचवायचे आणि अडला की म्हणायचे, मॅन्युअल वाचा. लिनक्स घराघरांत गेलं नाही याचं खापर ते अजून फक्त मायक्रोसॉफ्टवर फोडतात.

माझी परीक्षा साधी असे : पहिल्याच दिवशी मराठी टाइप होतं का? एक्सपीत युनिकोड देवनागरीसाठी वेगळी खूण करून मूळ सीडी पुन्हा घालावी लागायची, आणि मूळ सीडी होती कोणाकडे? इकडे लोहित फाँट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड जरा खटपट केली की चालू. ‘दुसऱ्या’मधला र मधूनच फुटायचा, तेवढं चालवून घेतलं. डीटीपीवाल्यांना मात्र कधी हलवता आलं नाही. त्यांचं पेजमेकर आणि श्री-लिपी विंडोजला बांधलेलं. कित्येक दुकानांत एक्सपी जिवंत राहिली ती त्याचमुळे.

एप्रिल २०११ मध्ये उबुंटूनं युनिटी हा नवा डेस्कटॉप आणला, त्याच महिन्यात ग्नोम ३ हा दुसरा आला, आणि जुन्या मशीनना धाप लागली. उबुंटूच्या हलक्या भावंडानं, लुबुंटूनं, तेव्हा लाज राखली. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा पाठिंबा संपला, तेव्हा मी दिसेल त्या डब्यावर तेच टाकत सुटलो होतो.

पुढची दहा वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मिंटच्या मुख्य आवृत्तीनं २०२० मध्ये ३२-बिट सोडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. जुन्याचा सांभाळ करतो म्हणणाऱ्यांनीही हात झटकले. सांभाळायला माणसं लागतात हे मान्य, पण राग येतो तो येतोच. आणि हलकी सिस्टिम टाकून आता उपयोग तरी किती? ती पाचशे एमबीत भागवेल, पण ब्राउझर उघडून बँक, यूट्यूब आणि मेल लावलं की दोन जीबी कुठे गेले कळत नाही. वर उबुंटूनं २१.१० पासून फायरफॉक्स स्नॅप नावाच्या पॅकेजमध्ये कोंबून दिला. जुन्या हार्डडिस्कवर तो पहिल्यांदा उघडेपर्यंत चहा होतो. मिंटनं स्नॅपला दारातच अडवलं, म्हणून अजून त्याचं नाव घेतो.

तेव्हा ६४-बिट मशीन आणि चार जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, आणि पैसे खर्चायचेच असतील तर आधी एसएसडी. नव्या सिस्टिमपेक्षा एसएसडीचाच फरक जास्त पडतो. पुसण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय, प्रिंटर आणि मराठी कीबोर्ड तपासा. दोनच जीबी असेल तर लुबुंटू, आणि एका वेळी दोन-तीनच टॅब. ३२-बिट डबा असेल तर पपी नाहीतर अँटिएक्स. पण तो गाणी ऐकायला आणि पत्रं टाइप करायला ठेवा. बँकेचं काम त्यावर नको.