नाणं उडवा आणि खरं सांगा

डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातलं मारकडवाडी देशभर गाजलं. माळशिरस मतदारसंघातून उत्तम जानकर विधानसभेवर निवडून आले होते. पण या गावात मतयंत्राने त्यांना ८४३ आणि त्यांचे प्रतिस्पर्धी राम सातपुते यांना १००३ मतं दाखवली. जानकरांच्या समर्थकांना हे पटेना. त्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि ते मतदान झालंच नाही.

मतं मोजता येतात. पण मतयंत्रावरचा लोकांचा विश्वास कसा मोजायचा? पारावर चारचौघांत विचारलं, तर माणूस आपल्या गटाला रुचेल तेच बोलतो. म्हणून जनमत पाहण्या करणाऱ्या ‘लोकनीती’ उपक्रमाचे अभ्यासक मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावं काढतात आणि त्याच माणसाला घरी गाठतात. मत कुणाला दिलं, हे तोंडी विचारत नाहीत. नमुना मतपत्रिका हाती देतात. त्यावर खूण करून ती पेटीत टाकायची.

याहून थक्क करणारी एक युक्ती आहे. ‘मतासाठी पैसे घेतले का?’ असा अवघड प्रश्न आहे, असं समजा. उत्तर देणाऱ्याने लपवून नाणं उडवायचं. छापा पडला, तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा पडला, तरच खरं सांगायचं. आता कुणी ‘हो’ म्हणाला, तर ते त्याचं की नाण्याचं, हे विचारणाऱ्यालाही कळत नाही!

आणि तरीही गावाचं उत्तर कळतं. हजार माणसांत सुमारे ५०० ‘हो’ नाण्यामुळे येणार. एकूण ७०० आले, तर उरलेल्या ५०० जणांतले २०० ‘हो’ खरे. म्हणजे ४० टक्के! एकाचंही गुपित न फोडता सगळ्यांचं सत्य हाती येतं. या विचाराचा पाया स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये घातला. नाणं ही त्याची पुढची, सोपी रीत.

पण एक अट आहे: नियम नीट समजला पाहिजे आणि पटलाही पाहिजे. सोलापुरात तो मराठीइतकाच तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही समजावून सांगावा लागेल. शिवाय नाण्याच्या गोंगाटातून खरा आकडा वेगळा काढायचा, तर माणसंही जास्त लागतात.

यापुढे जनमताचा कौल वाचाल तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा: माणसं कशी निवडली आणि त्यांचं गुपित कसं राखलं? ज्या पाहणीत ही उत्तरं मिळत नाहीत, तिच्या टक्केवारीवर विसंबू नका.