पलटणीतली शाळा : शिपायाच्या भाषाशिक्षणाचा हिंगोलीकडून आढावा

मराठीत फौजी आठवणी कमी नाहीत. रणभूमी, बर्फातल्या चौक्या, डोळ्यांदेखत गेलेले सोबती यांवर आपल्याकडे बरंच लिहिलं गेलं. पण एकोणीस-वीस वर्षांच्या शिपायाला बाकावर बसवून परकी भाषा शिकवणारा वर्ग कसा होता, तिथे तो कुठे अडला, पुढे ती भाषा त्याच्या काय कामी आली, हे फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. आमचं हट्टा हे वसमत तालुक्यातलं, हळदीच्या पट्ट्यातलं गाव. हा विषय इथल्या माणसाला लांबचा वाटेल, पण त्याचा एक ठळक धागा हिंगोलीतूनच जातो.

हिंगोलीला निजामाच्या काँटिंजंट फौजेची छावणी होती. तिथल्या अधिकाऱ्यांपैकी फिलिप मेडोज टेलर या तरुणाची हकिगत सांगण्यासारखी आहे. 1808 साली लिव्हरपूलला जन्मलेला हा मुलगा 1824 साली मुंबईला आला, तो एका व्यापाऱ्याकडे नोकरी करण्याच्या आशेने. ती आशा फोल ठरली. मग नात्यातल्या एका वजनदार अधिकाऱ्याच्या खटपटीने सोळाव्या वर्षी तो निजामाच्या फौजेत लागला आणि औरंगाबादला रुजू झाला. त्या काळी भाषेची वेगळी लष्करी शाळा छावणीत नसे. मुन्शी ठेवायचा, त्याच्यापुढे बसायचं, परीक्षा द्यायची आणि उरलेलं बाजारात, कचेरीत, शिपायांच्या संगतीत शिकायचं. हिंदुस्थानी, फारसी आणि मराठी या भाषा टेलरने अशा मिळवल्या.

त्या शिक्षणाची खरी कसोटी लागली ती हिंगोलीत. 1830 नंतर ठगांच्या टोळ्या उघड होऊ लागल्या. गावात प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरणारा, छावणीतल्या साहेबांशी देवघेव करणारा हरिसिंग हाच एका टोळीचा म्होरक्या निघाला. कॅप्टन रेनॉल्ड्सकडे चौकशी होती. टेलर आपण होऊन त्या कामात शिरला आणि दिवसामागून दिवस ठगांचे जबाब उतरवून घेत बसला. दुभाष्यावर विसंबणाऱ्या अधिकाऱ्याला ते जमलं नसतं, कारण कबुली देणारा माणूस काय बोलतो याइतकंच तो कुठे अडखळतो तेही ऐकावं लागतं. पुढे 1839 साली आलेल्या त्याच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीने विलायतेत खळबळ उडवली. आज हिंगोली जिल्ह्यातल्या किती शाळांत हे मुलांना सांगितलं जातं? सांगायला हवं.

मराठीवर तर सोल्जरांचं मोठं ऋण आहे. मोल्सवर्थ कोवळ्या वयात कंपनीच्या सैन्यात आला, मराठी शिकला आणि कोशाच्या मागे लागला. कँडी बंधूही सैन्यातलेच. शास्त्रीमंडळींना सोबत घेऊन त्यांनी केलेला मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, आणि 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. शब्द शोधून देणारे शास्त्री मात्र मुखपृष्ठावर आले नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

हे झालं साहेबांचं शिकणं. आपला शिपाई काय शिकत होता? इंग्रजी अमदानीत फौजेची भाषा हिंदुस्थानी आणि लिपी रोमन. मराठा पलटणीतला कोकणातला किंवा देशावरचा जवान आधी ती अक्षरं गिरवत असे. मराठवाड्याची गोष्ट थोडी निराळी. 1948 पर्यंत इथे निजामाचं राज्य, वरचं शिक्षण आणि सरकारी कारभार उर्दूत. बाजारात दखनी सर्रास बोलली जाई. म्हणून इथल्या माणसाच्या कानाला फौजी हिंदुस्थानी परकी नव्हती. आजही हिंगोली जिल्ह्यातल्या तांड्यावरचा पोरगा घरात बंजारा बोली, शाळेत मराठी आणि बाजारात दखनी वळणाची हिंदी घेऊन भरतीला उभा राहतो. अशा पोराला चौथी भाषा शिकवणं सोपं जातं, असं माझं ठाम मत आहे. पण भरतीच्या मैदानावर छाती आणि धाव मोजतात, त्याचा कान कुणी मोजत नाही.

उलट दिशेचंही शिक्षण पलटणीत चालतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीत पंजाबी किंवा तमिळ अधिकारी आला, तर त्याने जवानांची मराठी शिकावी अशी रीत आहे. ज्याच्या हुकुमावर जीव द्यायचा, त्याला आपल्या घरची चिंता आपल्या भाषेत सांगता आली पाहिजे.

स्वतंत्र भारतात परक्या भाषांची रीतसर सोय झाली. संरक्षण खात्याची स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेस दिल्लीत 1948 पासून आहे. चिनी, तिबेटी, ब्रह्मी, अरबी, फारसी, रशियन अशा भाषा तिथे शिकवतात. मध्य प्रदेशात पचमढीला आर्मी एज्युकेशन कोअरचं मोठं केंद्र आहे, तिथेही परकीय भाषांचा विभाग आहे. गरज किती खरी होती ते कोरियात लगेच कळलं. 1953 साली युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारतीय दल गेलं, त्याचे प्रमुख होते मेजर जनरल शं. पां. पा. थोरात, कोल्हापूरकडचे. बावीस हजारांहून अधिक चिनी आणि कोरियन कैदी, सगळे मायदेशी परत जायला नकार दिलेले, आणि प्रत्येकाला विचारायचं ते त्याला समजेल अशा भाषेत! पुढच्याच वर्षी बीजिंगमध्ये नेहरू आणि माओ यांच्या भेटीत दुभाषी होते वसंत परांजपे. ते फौजी नव्हते, परराष्ट्र खात्यातले होते. पण 1947 साली पेकिंगला जाऊन चिनी शिकलेला मराठी माणूस सात वर्षांत कुठे पोचला, हे त्यावरून दिसतं. 2020 च्या गलवान खोऱ्यातल्या चकमकीनंतर तर चुशूल-मोल्दोच्या भारत-चीन लष्करी बैठकांत चिनी जाणणाऱ्या माणसाची किंमत साऱ्या देशाला उमगली.

बाहेरच्या देशांनी या वर्गांचा इतिहास जपला आहे. अमेरिकेने 1941 च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला जपानी भाषेची लष्करी शाळा गुपचूप सुरू केली. पहिल्या साठ विद्यार्थ्यांत बहुतेक सगळे जपानी वंशाचेच होते. मॉन्टेरीची आजची प्रख्यात लष्करी भाषासंस्था त्यातूनच वाढली. ब्रिटनने 1951 ते 1960 या काळात सक्तीच्या सैन्यसेवेतल्या हजारो पोरांना रशियन शिकवली. त्यांच्यातूनच ॲलन बेनेट आणि मायकेल फ्रेन यांच्यासारखे नाटककार पुढे आले. त्या शाळांवर तिकडे पुस्तकं आहेत, मुलाखती आहेत. आपल्याकडे पचमढीचा वर्ग करून आलेला हवालदार पेन्शन घेऊन गावी येतो, शेती बघतो, आणि त्याला तिबेटी येते हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं.

गोपनीय असेल ते गोपनीयच राहावं. पण वर्ग कसा भरायचा, उस्ताद कसे होते, पहिलं वाक्य कधी जमलं, रात्री बराकीत कोण कुणाचा धडा घ्यायचा, यात लपवण्यासारखं काही नाही. हट्टा, वसमत, औंढा, कळमनुरी, सेनगाव इथल्या माजी सैनिकांनो, तुमच्यापैकी ज्यांनी कुठलीही भाषा फौजेत शिकली असेल, त्यांनी ते लिहा. लिहायला हात वळत नसेल तर नातवाला सांगा, तो मोबाइलवर ध्वनिमुद्रित करील. आणि गावोगावच्या वाचनालयांनी त्या आठवणींसाठी एक कपाट आत्ताच मोकळं करावं.