न मारणारी तलवार

खलनायकाचा राग यावा, हे साहजिकच. पण त्याचं कौतुक वाटू लागलं, तर? रुमिको ताकाहाशी या जपानी चित्रकथाकार बाईंच्या ‘इनुयाशा’मधला सेश्शोमारू आपल्याला अशाच पेचात टाकतो. १९९६ ते २००८ अशी बारा वर्षं चाललेल्या या चित्रकथेवर २००० ते २००४ या काळात १६७ भागांची ॲनिमे मालिका झाली.

कथा घडते जपानच्या युद्धकाळात. सेश्शोमारू पूर्ण राक्षस, तर त्याचा धाकटा सावत्र भाऊ इनुयाशा अर्धा माणूस. वडील आपल्या सुळ्यांपासून घडवलेल्या दोन तलवारी मागे ठेवतात. शत्रू कापणारी धाकट्याला, मेलेल्याला उठवणारी थोरल्याला! माणसांना तुच्छ लेखणारा थोरला चिडतो, भावाच्या जिवावर उठतो.

एकदा तो जखमी होऊन रानात पडलेला असताना रिन नावाची अनाथ मुलगी त्याला खायला आणून देते. तो अन्नाला शिवत नाही. तिच्या अंगावरचे वळ पाहून मात्र विचारपूस करतो. पुढे लांडगे तिचा जीव घेतात, तेव्हा त्याच ‘निरुपयोगी’ तलवारीनं तो तिला जिवंत करतो.

एवढ्यानं त्याची जुनी पापं धुतली जात नाहीत. ताकाहाशीबाईही त्याला एका रात्रीत संत करत नाहीत. म्हणूनच तो खरा वाटतो.

तेव्हा घरातल्या मुलांना असं पात्र आवडलं, तर लगेच दटावू नका. त्याचं नेमकं काय आवडलं, ते विचारा. उत्तर ‘रुबाब’ असेल, तर रिनबद्दल बोला. उत्तर ‘रिन’ असेल, तर काळजीचं कारण नाही.