साहेबांनी लिहिलेला हिंदुस्थान

गैरसमज : इंग्रजांपूर्वी सगळ्या हिंदूंचा कायदा मनुस्मृतीच होता.

वस्तुस्थिती : बहुतेक तंटे जातपंचायत, गोतसभा आणि गावच्या रिवाजाने मिटत. शास्त्र्यांचे मत घेतले जाई, पण रिवाजाचे वजन मोठे असे. 1772 मध्ये बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज याने वारसा, विवाह अशा बाबतींत हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण लावायचे ठरवले. बंगालमधल्या 11 पंडितांकडून संस्कृत संकलन करून घेतले गेले. त्याचे फारसी आणि फारसीवरून इंग्रजी झाले. कंपनीच्या नोकरीतल्या हॅलहेडने केलेला तो इंग्रजी ग्रंथ 1776 मध्ये छापला गेला. पुढे कलकत्त्याचा न्यायाधीश विल्यम जोन्स संस्कृत शिकला, कारण कोर्टातल्या पंडितांवर त्याचा भरवसा नव्हता. त्याचे मनुस्मृतीचे भाषांतर 1794 चे. पोथीत होते ते कोर्टात चालू लागले. ज्यांचा रिवाज कुणी लिहून ठेवलेला नव्हता, त्यांची बाजू लंगडी पडली. हे टाळता येत होते. मुंबई इलाख्यात गव्हर्नर एल्फिन्स्टनने जातवार रिवाजांची चौकशी करवली आणि 1827 च्या कायद्यात रिवाजाला शास्त्राच्या आधी स्थान मिळाले.

गैरसमज : मग जातिभेद इंग्रजांनीच निर्माण केला.

वस्तुस्थिती : मुळीच नाही. पेशवाईतली अस्पृश्यता कुणा साहेबाने आणली नव्हती. इंग्रजांनी जातींची देशभर मोजदाद केली आणि 1901 च्या जनगणनेत जनगणना आयुक्त रिझलेने त्यांची श्रेष्ठ-कनिष्ठ अशी सरकारी उतरंड मांडायला घेतली. त्यांचा दोष तेवढा आणि तोही गंभीर; पण आपले पाप त्यांच्या माथी मारणे हा अप्रामाणिकपणा आहे.

गैरसमज : पाश्चात्त्य विद्वानांनी आपल्याला फक्त हिणवले.

वस्तुस्थिती : जोन्सने 1786 मध्ये संस्कृतची मुक्तकंठाने स्तुती केली. हिणवले ते जेम्स मिलने. तो हिंदुस्थानात कधी आला नाही, इथली एकही भाषा त्याला येत नव्हती. तरी त्याचा 1817 चा हिंदुस्थानचा इतिहास कंपनीच्या होतकरू अधिकाऱ्यांना शिकवला गेला. हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश अशी कालखंडांची वाटणी त्याचीच. ती आपल्या बोलण्यातून अजून गेलेली नाही.

गैरसमज : आपण हे सारे निमूट मान्य केले.

वस्तुस्थिती : ग्रँट डफच्या 1826 च्या मराठ्यांच्या इतिहासातल्या चुका नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच दाखवल्या. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने छापली. असे 22 खंड आहेत. मिलचे मत उद्धृत करण्याआधी त्यांतला एखादा तरी उघडून पाहा.